वेगवान टायर की पंक्चरला दाद न देणारा? आधी भोक बघा

रोड बाइकचे दोन टायर शेजारी ठेवा. दोन्हींवर ७००×२५ (म्हणजे २५ मिलिमीटर रुंद) छापलेलं, दोन्ही काळे, दोन्ही गुळगुळीत. एक रेसचा, दुसरा रोजच्या रायडिंगचा. नुसतं बघून फरक कळत नाही, पण बाजू चिमटीत धरून दाबली की लगेच कळतो. रेसचा टायर कापडासारखा दुमडतो, मजबूत टायर पुठ्ठ्यासारखा अडून बसतो.

टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो आणि चाक पुढे गेलं की पुन्हा गोल होतो. या वाकण्यात लावलेली सगळी ताकद परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन उडून जाते. रबर आणि केसिंग (रबराखालचं कापड) जितकं जाड आणि ताठ, तितकं हे नुकसान मोठं. काटा अडवायला जाडी हवी असते ती नेमकी तिथेच, ट्रेडच्या (रस्त्याला घासणाऱ्या रबराच्या) खाली. म्हणून ‘सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मजबूत’ असं वेष्टनावर लिहिलेलं दिसलं तर त्यातला एक शब्द खोटा समजावा.

फरक केवढा पडतो? चांगल्या रेस टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा (याच नुकसानाच्या मापाचा) गुणांक ०.००४च्या आसपास असतो, मजबूत ट्रेनिंग टायरचा ०.००६ ते ०.००७. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर पहिल्या जोडीवर साधारण २८ वॅट खर्च होतात आणि दुसरीवर (०.००६५ धरून) ४५. तेवढाच जोर लावत राहिलात तर हे १७ वॅट सपाट रस्त्यावर ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास वेग खातात. म्हणजे ४० किलोमीटरमागे तीनेक मिनिटं. रस्त्याकडेला ट्यूब बदलून हवा भरायला सरावलेल्या माणसालाही दहा मिनिटं लागतात. निव्वळ वेळेचाच हिशेब मांडला तर मजबूत टायरने वाचणारं पंक्चर अशा ४० किलोमीटरच्या तीन-चार राइडला एक या दराने होत असेल तरच तो परवडतो. अंधारात, पावसात, बोटं गारठलेली असताना ट्यूब बदलण्याचा वैताग मात्र या हिशेबात येत नाही, आणि बहुतेक लोक मजबूत टायर घेतात ते त्याच धास्तीने.

रेसचा टायर म्हणजे अगदी उघडाबोडका, असंही नाही. काँटिनेंटलच्या ग्राँ प्री ५०००मध्ये ट्रेडखाली व्हेक्ट्रान या मजबूत धाग्याचा पट्टा असतो, पण तो फक्त ट्रेडखालीच. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, पातळच राहते. त्याच कंपनीच्या गेटरस्किनमध्ये पट्ट्याशिवाय साइडवॉलवरही जाळीचं संरक्षण असतं. अणकुचीदार खडीने बाजू फाटते त्या रस्त्यांवर खरा फरक या जाळीने पडतो. श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस वेगळ्याच जातीचा. त्याच्या ट्रेडखाली ५ मिलिमीटर जाडीचा लवचिक थर असतो, आणि वजन रेस टायरच्या दुपटीहून जास्त. सामान लादून लांब जायचं असेल तर उत्तम, रोड बाइकच्या ग्रुपबरोबर पळायचं असेल तर शिक्षा.

वजनाचा बाऊ मात्र फार होतो. टायरमागे ५० ग्रॅम वाढले तर जोडीचे १०० झाले. ८५ किलोत ते जेमतेम जाणवतात. वेग जातो तो ताठपणामुळे. ट्रेडवरच्या नक्षीचाही वेगाशी किंवा ओल्या रस्त्यावरच्या पकडीशी फारसा संबंध नाही. इतका अरुंद टायर सायकलच्या वेगाला पाण्यावर तरंगतच नाही, पकड ठरते रबराच्या मऊपणावर. जास्त किलोमीटर चालावा म्हणून कडक रबर वापरलेला टायर ओल्या वळणावर लवकर घसरतो. मजबूत टायरची ही किंमत कुणी सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा. नवा टायर घेण्याआधी आतापर्यंत पंक्चर झालेल्या ट्यूबवरची भोकं बघा. टायर बसवताना त्याचा लोगो वॉल्व्हसमोर ठेवायची सवय लावली, तर ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली जागा लगेच सापडते.

भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, टायरकडे असेल तर काटा, काच किंवा तार. इथे मजबूत टायरचा उपयोग आहे. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून पडलेली केसासारखी तार मात्र चांगल्या पट्ट्यातूनही आरपार जाते, आणि आतल्या बाजूला इतकी कमी डोकावते की बोटाला लागत नाही. टायरच्या आतून कापूस फिरवा. तो अडकला की तिथे तार आहे. ती न काढता नवी ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच.

शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर तो पिंच फ्लॅट. खड्ड्यावर टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब मधे चेपली गेली. यावर कुठलाही पट्टा काम करत नाही. हवा कमी होती किंवा टायर अरुंद होता. २५ ऐवजी २८ चा टायर घ्या. ७० किलोच्या स्वाराला त्यात ७० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ठीक, २५ च्या टायरमध्ये ८५ च्या आसपास. त्याआधी फ्रेम आणि ब्रेकपाशी टायरभोवती किमान ४ मिलिमीटर जागा उरते का ते बघा. रिम हुकलेस (टायरची कड अडकवायला आत आकडा नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही कमाल मर्यादा. ती ओलांडायची नाही.

भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रिम टेप (स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकलेली आहे किंवा स्पोकचं तोंड टोचतंय. टायरचा काही दोष नाही.

बाहेरून टोचलेलीच पंक्चरं जास्त निघाली, तरी दोन्ही चाकांना मजबूत टायर लावायची गरज नसते. मागच्या चाकावर साठेक टक्के भार असतो, आणि पुढच्या चाकाने उडवून उभी केलेली काच तेच झेलतं. मजबूत टायर मागे, मऊ रबराचा वेगवान टायर पुढे लावला तर १७ मधले सातेक वॅट परत मिळतात आणि वळणावरची पकडही राहते. टायर ट्यूबलेस (ट्यूबशिवाय चालणारा) असेल तर हा सगळा हिशेब सैल होतो: २८ च्या टायरमध्ये ३० ते ४० मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारं द्रावण) असलं की बारीक भोकं चालता चालता बुजतात. दोन-तीन महिन्यांनी ते सुकतं, तेव्हा पुन्हा भरावं लागतं.

मागचा टायर मधोमध सपाट झाला की तो काढून टाका. तो पुढे लावायचा मोह होतो, पण पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. दोन्ही टायर एकाच जातीचे असतील तर पुढचा मागे न्या आणि नवा पुढे बसवा.