कार की पिकअप? हौदा बांधायला येण्याआधी एवढं वाचा

ग्राहक बंधू-भगिनींना नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपात पिकअपचे हौदे, म्हणजे मागचा माल भरायचा उघडा भाग, बांधायचं आणि पाट्यांचं, म्हणजे मागच्या स्प्रिंगांचं, काम चालतं. "घरातली कार विकून पिकअप घेऊ का?" असं विचारणारं आठवड्यातून दोघं-तिघं तरी येतंच. उभ्या उभ्या सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून हे छापून ठेवलंय.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर राधानगरीकडचे एक दूधवाले मामा आले. गाडी पाच सीटची कार, मागची सीट काढून तिथं चाळीस लिटरचे कॅन मांडलेले. म्हणाले, "गाडी मागं बसल्यागत वाटतीया, जरा बघा." गाडी जॅकवर घेतली. मागच्या स्प्रिंगा दबून गेलेल्या, मडगार्ड टायरला घासत होतं आणि टायरची आतली कड तळहातासारखी गुळगुळीत झालेली. मॅट उचलली तर सांडलेल्या दुधाचा आंबूस वास, आणि खालचा पत्रा बोटानं दाबला की आत जात होता.

भरलेला कॅन पन्नास किलोच्या आसपास जातो. दहा कॅन म्हणजे पाचशे किलो, वर मामा आणि त्यांचा मुलगा. साध्या कारला माणसं आणि सामान मिळून चार-साडेचारशे किलो पेलायचं गणित असतं. मामा जाड स्प्रिंगा बसवून द्या म्हणाले, पण आम्ही बसवल्या नाहीत. स्प्रिंग जाड केली तरी ब्रेक, अ‍ॅक्सल आणि बेअरिंग तीच राहतात, आणि घाटाच्या उतारावर ते जिवावर बेततं.

फरक मुळात सांगाड्याचा आहे. कारचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दारं, छत, तळ सगळं एकात जोडलेलं, त्यामुळं गाडी हलकी आणि चालायला गुळगुळीत होते. पिकअपला खाली शिडीसारखी लोखंडी चेसिस असते. त्यावर पुढं केबिन, मागं हौदा, दोन्ही बोल्टनं बसवलेले. माल आपटला, फाळका (हौद्याचं मागचं दार) वाकला, हौद्याचा तळ गंजला, तरी चेसिसला धक्का नाही. हौदा उतरवून नवा चढवता येतो. कारच्या तळाला गंज लागला की ती दुरुस्ती महागात पडते आणि पूर्वीसारखी होत नाही.

पिकअपच्या मागच्या बाजूला पाटे असतात, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. माल वाढेल तसे खालचे पाटे भार घ्यायला लागतात. म्हणून ऊस, वैरण, सिमेंट, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीचं कास्टिंग, असलं वजन पिकअपच पेलते. गुळाचे तीस किलोचे चाळीस रवे धरा, १२०० किलो झाले. बोलेरो पिकअपच्या वेगवेगळ्या मॉडेलांची क्षमता साधारण १.३ ते १.७ टन आहे, तेव्हा हे रवे एका खेपेत मार्केट यार्डात पोचतात. टाटाचा छोटा हत्ती २००५ साली आला, तो पाऊण टनाच्या आसपास घेतो. शहरातल्या बोळांतून फिरायचं असेल तर तोच बरा.

ही गरज काही आपल्याच भागातली नाही. अमेरिकेत शेतकरी फोर्डच्या टी मॉडेल कारच्या मागं लाकडी पेटी बसवून घ्यायचे. ते बघून फोर्डनं १९२५ साली कारखान्यातूनच हौदा बसवलेली गाडी विकायला काढली. आमच्या धंद्याचं मूळ तिथं आहे म्हणून ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. आज तिकडं पुष्कळ लोक मालासाठी नव्हे, तर उंच बसायला मिळतं, रस्ता लांबवर दिसतो, सुट्टीचं सामान मागं टाकता येतं म्हणून पिकअप चालवतात. इकडं तशी हौस असणाऱ्यांसाठी आयसुझु व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स आहेत. पण त्यांची किंमत साध्या पिकअपच्या दुपटीहून जास्त. बहुतेकांना आम्ही तो नाद सोडा म्हणूनच सांगतो.

पैशाचंही बघा. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या कारवरच्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर पुढच्या करातून वजा करून घेणं) सहसा मिळत नाही, मालवाहू गाडीवर मिळतं. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या योजनेत, असाल तर मात्र नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. तुमच्या सीएंना एकदा विचाराच.

दुसरी बाजू अशी की धंद्याच्या पिकअपला पिवळी नंबर प्लेट लागते आणि पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, करावं लागतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. लायसन्सची काळजी बरेच जण करतात, ती नको. गाडी आणि माल मिळून साडेसात टनापर्यंतच्या मालवाहू गाडीला कारचंच लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. क्षमतेपेक्षा जास्त माल भरलात तर दंड वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

आता पिकअप कुणी घेऊ नये. महिन्यातून एकदा गावाकडून चार पोती आणायची असतील, बाकी वेळ मुलांची शाळा आणि पै-पाहुणे, तर कारच ठेवा आणि पोत्यांसाठी भाड्यानं गाडी सांगा. रिकामी पिकअप फार उडते. पाटे मालाच्या हिशेबानं बनवलेले असतात, माल नसला की खड्ड्याचा दणका थेट कमरेत बसतो. म्हाताऱ्या आई-वडिलांना त्यात बसवून दवाखान्याला नेताना त्यांचे हाल होतात. पावसात रिकाम्या गाडीचं मागचं चाक लवकर घसरतं, कारण वजन सगळं पुढं आणि ओढ मागच्या चाकांची. गगनबावड्याकडं रोज जाणारे आमचे काही ग्राहक रिकाम्या फेरीला हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, वाळूची दोन पोती बांधून ठेवतात. त्यानं खरंच फरक पडतो.

माल भरताना जड वस्तू केबिनकडं किंवा अ‍ॅक्सलच्या वर ठेवा. फाळक्याकडं सगळं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. करूळ किंवा आंबा घाट भरल्या गाडीनं उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेकचं लायनिंग (चाक धरणारा घर्षणाचा थर) तापतं, आणि तापलेलं लायनिंग धरत नाही.

एक कळकळीची विनंती. जोतिबाची चैत्र यात्रा असो की लग्नाचं वऱ्हाड, हौद्यात माणसं बसवू नका. हौद्याला ना सीट असते ना पट्टा, आणि वळणावर माणूस फाळक्यावरून बाहेर फेकला जातो. आमच्याकडं हौद्यात बसायला बाक लावून द्या म्हणून लोक येतात. ते काम आम्ही घेत नाही, किती पैसे दिले तरी.

पाट्यांचं काम आमच्याकडं केलंत तर पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत दाखवा. नवे पाटे बसताना यू बोल्ट, म्हणजे पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे बोल्ट, थोडे ढिले पडतात. ते तसेच राहिले तर पाट्यांच्या मधला बोल्ट तुटतो, अ‍ॅक्सल सरकतं आणि गाडी तिरकी पळते. पुन्हा आवळायचे पैसे घेत नाही. तपासायला येताना गाडी रिकामी आणू नका. रोज जेवढा माल भरता तेवढाच भरून आणा, म्हणजे वजनाखाली कुठला पाटा किती बसतो ते तुमच्यासमोर बघता येईल. सोमवारी वर्कशॉप बंद असतं.