थंड डोक्याचा प्रोसेसर

घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम सुरू झालं तशा आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दोन गोष्टी वाढल्या: टेबलावरची धूळ आणि खजिनदार काकूंची चिडचिड. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास मेंटेनन्सची बिलं काढायला बसलं की कॉम्प्युटर हँग व्हायचा, नाहीतर निळा पडदा दाखवून आपणहून बंद पडायचा. सकाळी तोच डबा शहाण्यासारखा चालायचा. शेवटी काकूंनी मला गाठलं. "अरे, याचा प्रोसेसर गेलाय. नवा बघ. फार भारी नको, दोन कोअरचा चालेल, पण स्टेबल हवा."

आता हा 'स्टेबल' शब्द दुकानात सगळे वापरतात आणि खोक्यावर कुठेच छापलेला नसतो. खोक्यावर कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असतात, गिगाहर्ट्झ असतात, वॅट असतात. स्थिरता कुठे शोधायची?

ती ठोक्यात शोधायची, म्हणजे प्रोसेसर ज्या तालावर काम करतो त्यात. ३.७ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३७० कोटी ठोके. एका ठोक्याच्या वाट्याला येतो ०.२७ नॅनोसेकंद, तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ८ सेंटीमीटर जातो. या फटीत विजेचा संकेत ट्रान्झिस्टरांच्या, म्हणजे चिपमधल्या सूक्ष्म विद्युत-बटणांच्या, एका रांगेतून पार व्हायचा, शेवटी शून्य की एक ते ठरायचं, आणि ते पुढचा ठोका पडायच्या आत ठरायचं. व्होल्टेज क्षणभर खाली आलं की ट्रान्झिस्टर सुस्तावतात. उत्तर अजून डळमळत असताना ठोका पडला तर जे हाताशी असेल तेच पुढे जातं. त्या एका चुकीच्या बिटाने कधी काहीच होत नाही. कधी निळा पडदा येतो. आणि कधी कुणाच्या तरी बिलात भलताच आकडा येतो, जो मला निळ्या पडद्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो.

म्हणून कारखान्यात प्रत्येक चिपला थोडी सवड ठेवून वेग ठरवून देतात. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेजारी शेजारी घडलेल्या चिपसुद्धा सारख्या नसतात. वाशीच्या एपीएमसीत हापूसची प्रतवारी होते, तशी यांचीही होते. कमी व्होल्टेजवर जास्त पळणारी चिप महागड्या नावाने जाते, बाकीच्या खालच्या नावाने. खालची प्रत म्हणजे नासका आंबा नव्हे. तिच्याकडून अपेक्षाच कमी असते, एवढंच. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये फेनम टू एक्सटू नावाचे दोन कोअरचे प्रोसेसर विकले, ते मुळात चार कोअरचे होते, दोन कोअर बंद केलेले. हौशी मंडळींनी ते बंद कोअर उघडले. कुणाला फुकटात चार कोअर मिळाले, कुणाचा कॉम्प्युटर धड सुरूच होईना. ते कोअर बंद का केले होते, याचं उत्तर त्यांना घरबसल्या मिळालं.

उलट टोकाचं उदाहरण ताजं आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वेगवान डेस्कटॉप प्रोसेसर लोकांकडे कोसळू लागले. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्याने तिचीच झीज होत होती. कंपनीने ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड (चिपच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही. यात सापडले ते ६५ वॅट आणि त्यावरचे तगडे प्रोसेसर. दोन कोअरची गरीब मंडळी बाजूला उभी राहून बघत होती.

व्होल्टेज इतकं महत्त्वाचं का? चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्के उतरवले तर खर्च ०.८ च्या घनावर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येतो. वाचलेल्या निम्म्यात दुसरा कोअर बसतो. दोन कोअरची कल्पना याच हिशेबातून घरोघरी आली. इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत उष्णतेपायी सोडून दिला आणि २००५ मध्ये दोन कोअरचा पेंटियम डी आणला. एएमडीचा अॅथलॉन ६४ एक्सटूही त्याच वर्षी आला. पहिला पेंटियम डी स्वतःच १३० वॅटपर्यंत तापायचा, हा भाग वेगळा! दोन कोअर म्हणजे दुप्पट काम असंही नाही. पंगतीत वाढपी दोन झाले तरी शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत सगळे थांबतातच.

असो. काकूंचा डबा उघडला. आत २००९ च्या सुमाराचा इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा, आणि दोघांमधल्या थर्मल पेस्टची खपली झालेली. वरून काकूंनी प्रेमाने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर, जे कॉम्प्युटर चालू असतानाही निम्मं अंगावर असायचं. तापलेल्या चिपमध्ये विजेची गळती वाढते, गळतीने ती आणखी तापते. १०० अंशांच्या आसपास पोचली की आधी वेग कमी करते, तरी निभलं नाही तर जीव वाचवायला बंद होते. दुपारच्या निळ्या पडद्यांचा संशयित सापडला. पेस्ट बदलली, ब्रश मारला, आणि आठवडाभर बिलं विनातक्रार निघाली.

तरी तो बदलायचाच होता. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ ची २०२४ मधली आवृत्ती कोअर टू ड्युओवर सुरूच होत नाही. तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या चिपला येतच नाही. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारा पेंटियम जी४५६० चांगला होता, पण तो सातव्या पिढीतला, म्हणून विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेर. यादीतले दोन कोअर आणि चार थ्रेडचे (म्हणजे प्रत्येक कोअर एकावेळी दोन कामं हाताळणारे) पर्याय म्हणजे एएमडीचा अॅथलॉन ३०००जी, ३५ वॅटचा, आणि इंटेलचे पेंटियम गोल्ड जी७४०० व इंटेल ३००, दोन्ही ४६ वॅटचे. यातला कुठलाही बिलं, एक्सेल आणि ईमेल सहज पेलतो. मी जी७४०० घेतला, कारण त्याच मदरबोर्डवर पुढे चार कोअरचा आय३ बसवता येतो. घरात मुलांचे ऑनलाइन क्लास आणि ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब असतील तर सरळ आय३च घ्यावा. तिथे दोन कोअरची काटकसर महागात पडते.

पैसे वाचले ते एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर घातले. दुकानदाराला हे पटेना, त्याला ग्राफिक्स कार्ड खपवायचं होतं. पण गणित बघा: चिप चालते १ व्होल्टच्या आसपास, म्हणजे ४६ वॅटसाठी ४० अँपिअरच्या घरात प्रवाह लागतो. घरातल्या गीझरचा मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो. मदरबोर्ड १२ व्होल्टचं १ व्होल्ट करून हा प्रवाह पुरवतो, तेही चिपची मागणी क्षणाक्षणाला बदलत असताना. मागून येणारे १२ व्होल्टच ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलले तर तो तरी काय सावरणार? पहिल्या पावसात आमच्याकडे दिवे मिचमिचतात, म्हणून एक यूपीएसही घेतला.

जोडणी झाल्यावर रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी लावून ठेवली, कारण रॅमचा दोषही प्रोसेसरच्याच नावावर खपतो. सकाळी एकही चूक नव्हती. काकू येऊन कॅबिनेटकडे बघत राहिल्या. "फारच उघडंबोडकं दिसतंय रे. माप दे, नवं कव्हर शिवते."

मी त्यांना मॉनिटरचं माप दिलं.