फाईल कुलपात होती, तरी गेली कशी?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या संगणक वर्गात गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "सर, माझी फाईल मी सगळ्यांना फक्त वाचण्यापुरती ठेवली होती. मग दुसऱ्याने ती उडवली कशी?" लिनक्स शिकवताना याहून मोलाचा प्रश्न मला क्वचितच भेटतो.

आधी थोडी बेरीज. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक प्रणालीची पायाभरणी केली. त्या घराण्यातल्या प्रणाली, लिनक्ससुद्धा, आजही प्रत्येक फाईलसाठी तिघांना वेगळं मोजतात: मालक, गट आणि बाकीचे. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. मालकाला ६ आणि इतर दोघांना ४-४ दिले, की झाले ६४४. हा आकडा बदलते ती 'सीएचमॉड' आज्ञा.

तिच्या फाईलचा आकडा होता ४४४. म्हणजे त्यात कुणालाच लिहिता येत नव्हतं. आणि कुणी लिहिलंही नाही.

आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. अशा जुन्या वाचनालयात पुस्तक असतं कपाटात, पण सापडतं नोंदवहीमुळे. फोल्डर म्हणजे ती नोंदवही. त्यात फाईलचा मजकूर नसतोच. असतं फक्त नाव आणि त्यासमोर एक क्रमांक, आयनोडचा. मालक कोण, परवानग्या कोणत्या, मजकूर डिस्कवर कुठे, हे सगळं आयनोडला ठाऊक. फाईल उडवणं म्हणजे वहीतली ओळ खोडणं. त्यासाठी वहीत लिहायची परवानगी लागते. पुस्तकाची कुणी विचारतच नाही. 'आरएम' आज्ञा अशी फाईल पुसण्याआधी एकदा विचारते खरी, पण 'वाय' दाबलं की गेली.

वर्गाचं सामायिक फोल्डर ७७७ होतं, म्हणजे तिघांनाही सगळ्या परवानग्या. काही अडलं की ७७७ करून मोकळं होण्याचा सल्ला सर्रास मिळतो, आणि मला तो मनापासून खटकतो. (फोल्डरवरच्या १ चा अर्थही वेगळा बरं का: आत शिरण्याची मुभा.)

यावर उपाय आहे स्टिकी बिट. ७७७ च्या आधी आणखी एक १ लावायचा: १७७७. मग नवी फाईल कुणीही ठेवावी, पण खोडायची ती फाईलच्या मालकाने, फोल्डरच्या मालकाने किंवा रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकाने. तात्पुरत्या फायलींचं 'टीएमपी' फोल्डर असंच चालतं.

मी फोल्डरला १७७७ दिला. तिने फाईल पुन्हा ठेवली आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, "आता उडव." पडद्यावर उमटलं: 'ऑपरेशन नॉट परमिटेड'.