आधी दोरी, मग गोळी

स्मृतिभ्रंशाचा माणूस अंगावर धावून येतो, चावतो, शिव्या देतो, ही तक्रार या आजाराच्या निदानाइतकीच जुनी आहे. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाच्या 51 वर्षांच्या बाई दाखल झाल्या. त्यांच्या नोंदींत विसराळूपणाबरोबर नवऱ्यावरचा संशय आणि आरडाओरडाही आहे. डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये जगापुढे मांडला तो या बाईंचाच मेंदू.

पुढची कित्येक दशके उपाय एकच होता, खाटेला नाहीतर खुर्चीला बांधून ठेवणे. 1950च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल आली. औषधे तीव्र मनोविकारांसाठीची, पण वृद्धाश्रमांत ती 'शांत ठेवायला' वापरली जाऊ लागली. अमेरिकेने 1987 च्या कायद्याने नर्सिंग होममध्ये निव्वळ सोयीसाठी बांधण्यावर आणि गुंगी देण्यावर बंधने आणली. 2005 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की या गटातल्या नव्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो. 2008 मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागला.

त्याआधीच, 1990च्या दशकात, ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड सांगत होते, की आधी माणूस बघा, आजार नंतर. नॉर्वेतल्या 18 नर्सिंग होममध्ये रुग्णांवर पद्धतशीर वेदनाशामक उपचार झाले, बहुतेकांना साधे पॅरासिटामॉल. 2011 मध्ये निष्कर्ष छापून आले: आठ आठवड्यांत चिडचिड आणि आक्रमकता कमी झाली. गुडघा ठणकतोय हे सांगता येत नाही, म्हणून हात उगारला जातो.

आता गोव्याकडे. 2001 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा इथल्या वृद्धांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना ओळखीची होती, पण तो आजार वाटत नव्हता. मुलांनी नीट बघितले नाही, माया केली नाही, म्हणून म्हातारी अशी झाली, हा समज. म्हणजे आईने चिमटे काढले तर बोल सुनेला! सांभाळ जवळजवळ सगळा घरातच, आणि तोही पुष्कळदा पुढे मिळणाऱ्या मालमत्तेच्या आशेवर.

म्हणून गोव्यातले डॉक्टर अमित डायस आणि सहकाऱ्यांनी आधी घरेच धरली. दोन तालुक्यांतली 81 कुटुंबे, गावातलेच प्रशिक्षित सल्लागार, मागे मानसोपचारतज्ज्ञ. 2008 मध्ये निकाल आला: सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रासही. रुग्णाचे वागणे मात्र ठामपणे म्हणावे इतके बदलले नव्हते. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. आजार तोच राहिला, पण तो समजून घेणारे माणूस घरात तयार झाले.

वृद्धाश्रमात नेमके तेच माणूस कमी पडते. संध्याकाळी पाच माणसांच्या आंघोळी उरकायच्या असतात. परप्रांतातून आलेली मदतनीस हिंदीत बोलते, आजींकडे आता फक्त लहानपणीची कोंकणी उरलेली. न सांगता डोक्यावर तांब्या रिकामा झाला, की आजी बोचकारतात. नोंदवहीत लिहिले जाते 'पेशंट हिंसक', आणि रात्रीची गोळी वाढते. पाणी आधी हातावर घालून दाखवायचे, पायांपासून सुरुवात करायची, नाहीच जमले तर आंघोळ उद्यावर टाकायची, एवढे त्या मुलीला शिकवायला फार खर्च येत नाही. पण आंघोळ उद्यावर टाकायची मुभा तिला वरून मिळायला हवी.