माळ्यावर आजोबांची रायफल सापडली? पॉलिश पेपर लावण्याआधी हे वाचा

पंचवटीतला किंवा जुन्या नाशकातला एखादा वाडा पाडायला काढला, की माळ्यावरून तांब्या-पितळेच्या भांड्यांसोबत कधीकधी गोणपाटात गुंडाळलेली बंदूकही खाली येते. दस्ता वाळवीने खाल्लेला, नळी गंजलेली. घरातला हौशी नातू लगेच रॉकेलचा डबा, पॉलिश पेपर आणि मोबाईलवरचा व्हिडिओ घेऊन ओट्यावर बसतो. आधी त्याला उठवा. एक तर आत काडतूस असू शकतं. दुसरं म्हणजे घरच्या घरी बंदूक दुरुस्त करणं हा आपल्याकडे साधासुधा गुन्हा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवायला आणि विकायला जसा परवाना लागतो तसाच दुरुस्त करायलाही लागतो. २०१९ मध्ये कायद्यात झालेल्या बदलानंतर हे कलम मोडल्यास किमान सात वर्षं कैद आहे, कमाल जन्मठेप.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, ती चालतच नाही, नुसतं लोखंड आहे." कायद्याने या उत्तराची वाट आधीच अडवली आहे. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशाच हत्याराला. म्हणजे गंज काढून, एखादी स्प्रिंग बदलून चालू होईल अशी रायफल आज बंद असली तरी बंदूकच. आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे, याचा पुरावा आपणच पॉलिश पेपर लावून तयार करत असतो.

पॉलिश पेपरचा आणखी एक धोका कोणाच्या लक्षात येत नाही. नळीवर किंवा चेंबरपाशी, म्हणजे काडतूस बसतं तिथे, कोरलेला क्रमांक गंजाबरोबर घासला गेला, तर कलम ८ आड येतं. शस्त्रावरची ओळखखूण पुसणं किंवा बदलणं हाही गुन्हा आहे. शिवाय तो क्रमांकच गेला तर जुन्या परवान्याशी बंदुकीचा मेळ लावणार कसा? तेव्हा क्रमांक जमेल तसा वाचून कागदावर उतरवा, जशी आहे तशीच कुलूपबंद ठेवा आणि हद्दीच्या पोलीस ठाण्यात फोन करा. रिक्षात घालून स्वतः न्यायला निघू नका. परवाना नसताना शस्त्र घेऊन फिरणं हा वेगळा गुन्हा आहे. परवानाधारक वारला आणि वारसाच्या नावावर परवाना नाही, तर कलम २१ नुसार शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा वस्तूंच्या कोठारात, ते गंजतं, विक्रेता भाडं घेतो, पण तेलपाणी तरी बघतो. जमा कुठेही करा, शस्त्राच्या क्रमांकासह पावती घ्या.

आता अर्ज. नाशिक शहरात परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त. निफाड, सिन्नर, दिंडोरी, मालेगाव असा बाकी जिल्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे. देवळाली कॅम्प आणि नाशिकरोड शहर आयुक्तालयात येतात. इथे एक गोम आहे. आयुक्तालय होण्याआधी शहराचे परवानेही जिल्हाधिकारी कार्यालयातूनच निघत. आजोबांचा परवाना त्या काळातला असेल आणि कागद हरवला असेल, तर त्या कार्यालयाच्या गृह शाखेत जुनी नोंद शोधण्यासाठी लेखी अर्ज द्या. नाव, गाव आणि शस्त्र क्रमांक हाताशी असला की शोध सोपा होतो. कुठेच नोंद सापडली नाही, तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

नोंद सापडली तर वारसाहक्काने परवाना मागता येतो. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये ही सोय आहे. परवानाधारक वारल्यावर कायदेशीर वारसाला, किंवा परवानाधारक हयात असतानाच, त्याचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली असतील तर त्याने नेमलेल्या वारसाला. त्यामुळे वडील सत्तरीत असतील तर आत्ताच अर्ज करा, पुढची निम्मी धावपळ वाचते. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्या दोनांत धरली जाते.

अर्ज शस्त्र परवान्यांच्या 'एनडाल-एलिस' या सरकारी पोर्टलवर नमुना ए-१ मध्ये भरायचा आणि त्याची प्रत कागदांसकट कार्यालयात द्यायची. ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे, फोटो, मूळ परवाना, मृत्यू दाखला, मानसिक व शारीरिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. अडतं ते मात्र बाकी वारसांच्या ना-हरकतीपाशी. बहीण पुण्यात, चुलतभाऊ अमेरिकेत आणि वाड्याच्या वाटणीचा दावा कोर्टात. सह्या आधी गोळा करा, मग पोर्टल उघडा. त्यानंतर पोलीस ठाण्याची चौकशी होते. शेजाऱ्यांनाही विचारतात, म्हणून घरात बंदूक आहे हे गल्लीभर सांगत सुटू नका.

रायफल .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) असेल तर वरचा रस्ता चालतो. .३०३ असेल तर ती निषिद्ध बोअरमध्ये मोडते, आणि तिथे निर्णय दिल्लीत, केंद्रीय गृह मंत्रालयात होतो. .३१५ आणि .३०३ दिसायला बऱ्याच सारख्या असतात, तेव्हा अंदाजाने काही लिहू नका. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक असली तरी परवान्यातून सुटका नाही.

पुरातन वस्तू, म्हणजे 'क्युरिओ' गटातल्या छोट्या शस्त्रांना फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सवलत दिली. नुसती बाळगायला परवाना लागत नाही. वापरायला, सोबत न्यायला-आणायला मात्र लागतो. आपली बंदूक या गटात बसते की नाही हे आपण ठरवायचं नाही, परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यायचं.

परवाना हाती आला, तो पाच वर्षांचा असतो, की मग रायफल दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे न्या. आधी त्याचा परवाना बघा, स्वतःचा सोबत ठेवा, देताना पावती घ्या. नळी कापून आखूड करणं त्याच्याकडूनही नको, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. घरी फक्त पुसणं, तेलाचा हात फिरवणं आणि लाकडी दस्त्याला जवसाचं तेल, एवढंच.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ते नाशिकरोडच्या विभागीय आयुक्तांकडे जातं. तोपर्यंत रायफल मालखान्यात असेल, तिची पावती फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.