इंग्रजीतला ट जातो कुठे?

इंग्रजी कॉमेंट्री किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतली लिसनिंग टेस्ट ऐकली की नागपूरची पोरं हमखास म्हणतात, हे लोक शब्द खातात यार. खातात हे खरंच आहे, पण वाट्टेल तसे नाही खात, त्याला पक्के नियम आहेत आणि ते कोणी धड सांगतच नाही.

सगळ्यात जास्त जातात ते ट आणि ड. शब्दाच्या शेवटी असले, मागे व्यंजन आणि पुढचा शब्दही व्यंजनानेच सुरू, असे मधात सापडले की गेले. लास्ट वीकचं लास वीक, नेक्स्ट प्लीजचं नेक्स प्लीज. पुढे स्वर आला तर मात्र तोच ट टिकतो आणि पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतो, म्हणून लास्ट ओव्हर ऐकू येतं लास टोव्हर. वॉक्ड बॅकमध्ये ed चा उच्चार खरं तर ट असा होतो, तो ट गेला की उरतं वॉक बॅक, म्हणजे भूतकाळाची खूणच गायब, तो कालचं बोलतोय की रोजचं हे बाकीच्या वाक्यावरून समजून घ्यायचं.

याला आळशीपणा म्हणू नका, बीबीसीवर बातम्या वाचणारेही असंच बोलतात. आणि मला सगळ्यात भारी वाटते ती ब्राउमन आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी दाखवलेली गोष्ट. परफेक्ट मेमरी हे शब्द सलग बोलताना जीभ कशी हलते ते त्यांनी एक्स-रेच्या नोंदींमध्ये पाहिलं, तर कानाला ट ऐकूच येत नव्हता पण जिभेचं टोक ट साठी वर गेलेलं होतं! मागे क साठी जिभेने वाट बंद केलेली, पुढे म साठी ओठ आधीच मिटलेले, त्यामुळे ट झाला पण आवाज बाहेर आलाच नाही.

ह चं वेगळं. हिम, हर, हिज हे जोर न देता वाक्याच्या मधात आले की ह जातो, टेल हिमचं टेलिम. हे आपल्याला अवघड वाटायचं कारणच नाही, आपणही नागपुरातल्या बर्डीवर उभं राहून "काय करून रायला बे" म्हणतो तेव्हा राहिलामधला ह असाच गेलेला असतो, पाहिजेचं पायजे होतं तेव्हाही तेच. स्वरही जातात, कॅमेराचं कॅम्रा होतं, आणि आपण नागपूर लिहितो पण ग मधला अ कोण म्हणतं, नाग्पूरच म्हणतो ना.

मग इंग्रजांना हे समजतं कसं? 1970 मध्ये रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञांनी एका वाक्यातल्या लेजिस्लेचर्स या शब्दातला पहिला स कापून तिथे खोकल्याचा आवाज टाकला आणि 20 जणांना ऐकवलं, 19 जण म्हणाले की काहीच गाळलेलं नाही, उरलेल्या एकाने भलताच आवाज गाळलाय असं सांगितलं. शब्द ओळखीचा असला की मेंदू भोक स्वतःच बुजवतो.

म्हणून ऑडिओ नुसता स्लो करून फार फायदा नाही, जो आवाज आलाच नाही तो स्लो करून कुठून येणार. त्यापेक्षा आधी ऐका, मग लिहिलेलं वाचा, जे ऐकू आलं नाही त्यावर पेन्सिलने काट मारा आणि त्याच स्पीडने परत ऐका.