अर्धा मीटर जास्त, आणि बॅटन आडवी

गेल्या जानेवारीत परळच्या एका मैदानावर संचलनाची तालीम बघत होतो. शाळेचा बँड, आणि पुढे चार मुली हातात चकचकीत बॅटन घेऊन. एकीने बॅटन उंच फेकली, ती गरगरत खाली आली आणि बोटांना लागून मातीत पडली. शेजारच्या काकू हळहळल्या, "दृष्ट लागली पोरीला!" काका म्हणाले, "आणखी जोरात फिरवली असती तर हवेत जास्त टिकली असती."

दृष्ट कुणाचीच कुणाला लागत नाही, आणि शिकत्या मुलीच्या कानावर हे पडू नये असं मला मनापासून वाटतं. काकांचा समज मात्र शिकल्यासवरलेल्यांचाही असतो, म्हणून हा लेख.

बँडपुढे दंड फिरवायची रीत लष्करी बँडच्या ड्रम मेजरची, म्हणजे बँडपुढे चालत त्याला इशारे देणाऱ्याची. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या बँडपुढे हलकी बॅटन घेऊन नाचणाऱ्या मुलींना मेजरेट म्हणतात. बॅटन म्हणजे धातूची दांडी, एका टोकाला मोठा रबरी गोळा, दुसऱ्याला लहान. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे तोल साधणारा बिंदू, मधोमध नसतो, मोठ्या गोळ्याकडे सरकलेला असतो. घरातली पळी बोटावर आडवी तोलून बघा, तोल वाटीकडेच सापडेल.

बॅटन हातातून सुटली की हा एक बिंदू फेकलेल्या दगडासारखा जातो. बाकी सगळी दांडी त्याच्याभोवती फिरते. गुरुत्वाकर्षण दांडीच्या प्रत्येक कणाला सारख्याच त्वरणाने खाली खेचतं, एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असं नाही. म्हणून ते फिरणं वाढवत नाही की थांबवत नाही, आणि फिरण्यामुळे पडणंही लांबत नाही. हाताने वर रेटलं की उंची मिळते, बॅटन अंगठ्यावरून लोळत सुटली की फिरकी मिळते. दोन्ही हिशेब वेगळे.

आता आकडे घ्या. सुमारे 10 मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकलेली बॅटन 5 मीटर वर जाते आणि साधारण 2 सेकंदांनी हातात परत येते. सेकंदाला 3 फेरे धरले तर 6 फेरे पूर्ण, बॅटन सुटली तशीच उभी हातात. पण वेग फक्त 5 टक्के जास्त झाला तर? उंची वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे अर्धा मीटर जास्त. बघणाऱ्याला कळणारही नाही. वेळ मात्र 0.1 सेकंदाने वाढतो, तेवढ्यात 0.3 फेरा, म्हणजे 108 अंश. उभी यायची ती जवळजवळ आडवी येते. त्या मुलीच्या बोटांना बॅटन लागली ती बहुधा अशीच.

हवेत ही चूक सुधारता येत नाही. कथक करणारी चक्कर घेताना हात जवळ ओढून वेग वाढवते, कारण जडत्व आघूर्ण (वजन अक्षापासून किती दूर पसरलंय त्याचं माप) कमी झालं की कोनीय संवेग (हे माप गुणिले फिरण्याचा वेग) तेवढाच ठेवायला कोनीय वेग, म्हणजे फिरण्याचा वेग, वाढावा लागतो. दांडीला हात नाहीत, तिचं आघूर्ण ठरलेलं. टोकांचे गोळे ते वाढवतात, म्हणून फिरकी सहज डळमळत नाही. सुधारायचं ते खाली उभ्या मुलीनेच: शेवटचा अर्धा फेरा डोळ्यांनी पकडून हात थोडा वर न्यायचा, किंवा थोडा थांबवायचा.

तिने बॅटन उचलली, मातीचा हात फ्रॉकला पुसला आणि पुन्हा फेकली. या वेळी मी फेरे मोजले. सहा.